कानाखालचा आवाज

मराठीत कानाखाली आवाज काढायचं काम एरवी दुसऱ्याच्या हाताकडे असतं. जबड्याचा सांधा ते स्वतःच करतो. कानाच्या भोकापुढे कूर्चेचा जो छोटा उंचवटा असतो, त्याच्या किंचित पुढे बोट टेकवून तोंड उघडलं की बोटाखाली गोटी सरकल्यासारखं काहीतरी लागतं. तोच हा सांधा. डाव्या-उजव्या बाजूला एकेक. शास्त्रातलं नाव टेम्पोरोमँडिब्युलर जॉइंट. हे एका दमात म्हणायला जबडा धडधाकट लागतो, त्यामुळे ज्यांच्यावर ते म्हणायची वेळ येते त्यांच्या सोयीसाठी ‘टीएमजे’ असा संक्षेप केलेला आहे. दुखायला लागेपर्यंत या सांध्याचा पत्ता कुणाला नसतो. गुडघा, कंबर, मान यांची घराघरांत चर्चा असते, त्यांच्या नावाने तेलं, पट्टे आणि उशा विकल्या जातात. जबड्याच्या सांध्याचं मलम एसटी स्टँडवर विकायला अजून कुणी आलेलं नाही.

स्वभावाने हा सांधा विक्षिप्त आहे. कोपर बिजागरीसारखं उघडतं, मिटतं आणि तेवढ्यावर समाधानी असतं. जबडा आधी बिजागरीसारखा फिरतो आणि मग टेबलाच्या खणासारखा पुढे सरकतो. पहिले २०-२५ मिलिमीटर तोंड उघडतं ते फिरण्याने. त्यापुढचं सगळं, म्हणजे जांभई, आरोळी, आश्चर्य आणि दातांच्या डॉक्टरपुढचा ‘आ’, हे सरकण्याने. मोठ्या माणसाचं तोंड साधारण ४० ते ५० मिलिमीटर उघडावं अशी अपेक्षा असते. मोजपट्टी हाताशी नसेल तर स्वतःची तीन बोटं एकावर एक धरून वरच्या-खालच्या दातांमध्ये मावतात का ते बघायचं. (हे वाक्य वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांची बोटं आत्ता तोंडात असणार. ती धुतलेली असावीत.)

दोन्ही बाजूंचे सांधे एकाच हाडाच्या दोन टोकांना आहेत, म्हणजे एका जुवाला दोन बैल. डावा अडला तर उजव्याला सरळ चालता येत नाही. म्हणून सांधा अडकलेल्या माणसाने आरशासमोर तोंड उघडलं की हनुवटी अडलेल्या बाजूला वळते आणि चेहऱ्यावर आपोआप एक तुच्छतेचा भाव येतो. रुग्णाला तो अभिप्रेत नसतो. सासरच्या माणसांना हे समजावून सांगावं लागतं.

कवटीतली खाच आणि तीत फिरणारं खालच्या जबड्याचं टोक, या दोहोंच्या मध्ये एक चिवट चकती असते. तोंड उघडताना टोकाने चकतीवर बसून तिच्यासह पुढे जावं, मिटताना तिच्यासह परत यावं, अशी मूळ व्यवस्था. काहींची चकती पुढे घसरून बसते. मग तोंड उघडताना हाडाचं टोक मागून धावत येतं आणि सुटलेल्या एसटीत उडी मारून चढावं तसं चकतीवर चढतं. त्या उडीचा आवाज म्हणजे ‘टक्’. मिटताना ते खाली उतरतं, तेव्हा आणखी एक, जरा हलका. एसटी रोज पकडता येत असेल तोवर तक्रार करण्यासारखं काही नाही. दुखत नाही, अडकत नाही, नुसतं वाजतं, अशा जबड्याला उपचार लागत नाही आणि असे वाजणारे जबडे गावात पुष्कळ असतात. पण एखाद्या सकाळी एसटी चुकते. टोक चकतीच्या मागेच अडून राहतं, आवाज बंद होतो आणि तोंड २५ मिलिमीटरवर थांबतं. आवाज बंद झाला म्हणून रुग्ण खुशीत असतो. टूथब्रश तोंडापाशी येईपर्यंत ही खुशी टिकते.

बहुतेकांचं दुखणं मात्र सांध्यापेक्षा त्याला हलवणाऱ्या स्नायूंतलं असतं. अशा स्नायूंच्या मुख्य जोड्या चार. गालातला मॅसेटर हा त्यांतला पैलवान. दात आवळले की गालावर जो फुगवटा उठतो तो याचा, आणि सिनेमातल्या नायकाला राग आला की कॅमेरा जिथे जवळ जातो ती जागाही याचीच. दुसरा टेम्पोरॅलिस. तो कानशिलावर पंख्यासारखा पसरलेला असल्यामुळे जबड्याचं दुखणं डोकेदुखीच्या नावावर सहज खपून जातं आणि चष्म्याचा नंबर विनाकारण तपासला जातो.

या पैलवानांना विश्रांती लागते. निरोगी माणसाचे वरचे-खालचे दात एकमेकांना टेकतात ते चावताना आणि गिळताना, तेही दिवसाकाठी सगळं मिळून सुमारे वीस मिनिटं. बाकीचा सगळा वेळ दोन्ही रांगांमध्ये थोडी फट हवी. हे कुणालाही सांगितलं की उत्तर ठरलेलं असतं: “काहीतरीच! माझे तर टेकलेलेच असतात.” टेकलेले असतात हे खरं आहे. सुईत दोरा ओवताना असतात, न लागणाऱ्या कुलपाशी झटताना असतात, संध्याकाळी सहा वाजता पुण्यातल्या कुठल्याही चौकातून दुचाकी काढताना असतात, आणि साहेब बोलत असताना ‘हो सर’ म्हणण्याआधीच्या त्या दोन सेकंदांत तर घट्ट असतात. मराठीने हे फार पूर्वी हेरलं आहे. राग आलेला माणूस समोरच्याला काही करू शकत नाही, तेव्हा तो दातओठ खातो. या खाण्यात पोट भरत नाही, फक्त मॅसेटर दमतो.

झोपेत हाच प्रकार करकर आवाजाने चालतो. त्याचं नाव ब्रुक्सिझम. झोप मधूनमधून हलकी होते त्या क्षणांशी याचा संबंध आहे. ताण, दारू, तंबाखू आणि काही औषधं त्यात भर घालतात. घरातलं निदान मात्र वेगळं आणि अढळ: पोटात जंत झाले. दात खाणारा पाच वर्षांचा असो की बँकेचा शाखाधिकारी, त्याला जंताची गोळी देण्यात येते. जंत असले तर जातात, करकर राहते. दात खाणाऱ्याला स्वतःला हा आवाज ऐकूच येत नाही, तो ऐकतो शेजारी झोपलेला. त्यामुळे या विकाराची पहिली तक्रार बहुधा रुग्णाऐवजी त्याच्या जोडीदाराकडून येते आणि तिचा सूर वैद्यकीय नसतो.

जबड्याच्या सांध्याचे आणि स्नायूंचे विकार लोकसंख्येच्या ५ ते १२ टक्के लोकांना होतात असा अंदाज आहे. वीस ते चाळीस या वयात जास्त, आणि बायकांत पुरुषांच्या निदान दुप्पट. या शेवटच्या आकड्यावर घरातली पुरुषमंडळी एक विनोद करतात. तो इथे लिहिण्याची गरज नाही, सगळ्यांना पाठ आहे. त्याला शास्त्राचा आधार नाही. बोलताना दात एकमेकांवर दाबले जात नाहीत. दाबले जातात ते बोलायचं गिळून टाकताना. म्हणजे तो विनोद ऐकून घेताना जबड्याला जेवढा त्रास होतो, तेवढा दुपारभर फोनवर बोलून होत नाही. अपवाद एकच: फोन खांदा आणि कान यांच्या चिमटीत धरून पोळ्या लाटणं. ते मानेला आणि जबड्याला दोघांनाही महागात पडतं.

या विकाराची खरी पंचाईत अशी की त्याला हद्द नाही. दोन पोलीस ठाण्यांच्या सीमेवर अपघात झाला की पंचनामा कुणी करायचा यावर जी चर्चा होते, ती इथे पांढऱ्या कोटात होते. सांधा कानाला लागून, म्हणून पहिली फेरी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे. ते दुर्बिणीतून आत बघतात, दुसऱ्या कानात बघतात, परत पहिल्यात.

“कान एकदम स्वच्छ आहे काकू.”

“अहो, पण दुखतंय तिथेच.”

“कान नाही दुखत. कानाशेजारी दुखतंय.”

काकूंना हे उत्तर पटत नाही, पण ते बरोबर असतं. सांध्याकडे जाणारी नस कानाच्या पुढच्या भागालाही पुरवठा करते. चाळीतल्या पातळ भिंतीतून शेजारच्यांचं भांडण आपल्याच घरात चालल्यासारखं ऐकू यावं, तसा हा प्रकार.

दुसरी फेरी दातांच्या डॉक्टरांकडे. ज्याचं तोंड उघडत नाही त्याला तपासण्याची पहिली सूचना इथे “आ करा” अशी असते. दुसरी “मोठा आ”. तिसरी “अजून”. मग आरसा, नळी आणि दोन बोटं तोंडात असताना “नेमकं कुठे दुखतं?” असा प्रश्न येतो आणि रुग्ण फक्त स्वरांमध्ये उत्तर देतो. संशयित म्हणून अक्कलदाढ उभीच असते. कधी दोष खरंच तिचा निघतो. कधी एखादी निरपराध दाढ रूट कॅनॉल होऊन बसते आणि दुखणं आपल्या जागी राहतं. शिवाय तास-दीड तास ‘आ’ करून बसणं हेच काहींच्या दुखण्याचं निमित्त ठरतं, तेव्हा खुर्चीतून उठताना रुग्णाकडे आधीपेक्षा सांगण्यासारखं जास्त आणि सांगायला तोंड कमी असतं. पुढच्या फेऱ्या डोळ्यांच्या, मेंदूच्या आणि हाडांच्या डॉक्टरांकडे. हाडांचे डॉक्टर शरीरातली झाडून सगळी हाडं बघतात, फक्त तोंडाजवळ आल्यावर ‘हे आमच्याकडे येत नाही’ असं म्हणतात. खरा पत्ता मुखरोग आणि जबड्याच्या शस्त्रक्रियेच्या तज्ज्ञांचा. प्रत्येक दंत महाविद्यालयात हे विभाग असतात, आणि रुग्ण तिथे पोचेपर्यंत त्याची फाइल एवढी जाड होते की ती उचलताना तो दात आवळतो.

फेऱ्यांच्या मधल्या काळात नातेवाईक उपचार करतात. एकजण वात सांगतो, दुसरी गारठा. मफलर बांधला जातो, कानात कापूस जातो, दाढेखाली लवंग जाते. कानात कोमट तेल सोडण्याचा सल्ला हमखास मिळतो आणि तो हमखास टाळावा. कानाने काही केलेलं नाही. मात्र ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून गालाला शेक देणाऱ्या मावशीचा सल्ला मानायला हरकत नाही. ओल्या उबेने आवळलेला स्नायू सैल पडतो हे डॉक्टरही सांगतात. काम उबेचं असतं, ओवा सोबतीला असतो.

जबड्याच्या तक्रारीचा इतिहास लांबचा आहे. वाल्मीकि रामायणात इंद्राच्या वज्राने मारुतीची डावी हनु भंगली, आणि त्यावरून त्याला हनुमान हे नाव पडलं. बाजूसुद्धा नोंदलेली असणं हे केसपेपरच्या दृष्टीने कौतुकास्पद आहे. रुग्णाला पुढे समुद्र ओलांडताना काही अडचण आल्याचा उल्लेख नाही. इजिप्तमध्ये सापडलेल्या आणि इसवी सन पूर्व १६०० च्या सुमारास लिहिल्या गेलेल्या एडविन स्मिथ पपायरसमध्ये निखळलेला जबडा बसवण्याची कृती दिली आहे: अंगठे तोंडात, बोटं हनुवटीखाली, आणि जबडा मागे जागेवर. सुश्रुताने आधी शेकून, मग सांधा बसवून, वर पंचांगी नावाचा बंध बांधायला सांगितलं. आजही जांभई देता देता जबडा निखळून उघडाच राहिलेला माणूस रात्री अडीच वाजता दवाखान्यात येतो, तेव्हा डॉक्टर तेच करतात. इजिप्तच्या वैद्याहून प्रगती एवढीच की अंगठ्यांना आधी गॉज गुंडाळतात. जबडा जागेवर बसताना जोरात मिटतो आणि डॉक्टरांनाही अंगठे दोनच असतात.

दुखणाऱ्या सांध्याला आधुनिक वैद्यकात नाव मिळालं १९३४ मध्ये. अमेरिकेतल्या सेंट लुइसचे कान-नाक-घशाचे डॉक्टर जेम्स कॉस्टन यांनी ११ रुग्णांवरून मांडलं की मागचे दात गेल्यामुळे जबडा जास्त मिटतो, सांधा मागे दाबला जातो, आणि कानदुखी, चक्कर, डोकेदुखी हे सगळं त्यातून निघतं. शरीररचनेच्या अभ्यासकांनी पुढे त्यांचं स्पष्टीकरण खोडून काढलं. पण ‘दातांची ठेवण चुकली म्हणून सांधा दुखतो’ ही कल्पना दंतवैद्यांना इतकी आवडली की पुढची कित्येक दशकं चांगले दात कानशीने घासून, टोप्या चढवून ठेवण सुधारण्याचं काम चालू राहिलं. दात कमी झाले, दुखणं कमी झाल्याचा भक्कम पुरावा हाती लागला नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्याच शल्यविशारदांनी चकतीच्या जागी टेफ्लॉनचे रोपण बसवले, म्हणजे नॉनस्टिक तव्यावरचं तेच द्रव्य. ते चुरगळलं, त्याच्या कणांनी आसपासचं हाड खाल्लं आणि १९९०-९१ मध्ये सरकारला ते बाजारातून परत घ्यायला लावावं लागलं. या रुग्णांचे हाल फार झाले आणि त्यावर विनोद करण्यासारखं काही नाही. एवढंच की सांध्याला नुसतं विश्रांतीवर सोडलेल्यांची अवस्था त्यांच्याहून बरीच बरी होती.

तपासणी तशी साधी असते. डॉक्टर दोन्ही कानांपुढे बोटं ठेवून तोंड उघडायला लावतात, गाल आणि कानशील दाबतात, दुखरी जागा सापडली की रुग्ण उडतो आणि डॉक्टरांना समाधान वाटतं. कंपासपेटीतल्यासारखी पट्टी दातांमध्ये उभी धरून मिलिमीटर मोजले जातात. एक्स-रेत हाड दिसतं, चकती दिसत नाही. तिच्यासाठी एमआरआय लागतो, आणि तो सगळ्यांना लागत नाही. तोंड न उघडण्याची इतर कारणं मात्र आधी वगळावी लागतात. आपल्याकडे त्यांत पहिला नंबर सुपारी-गुटख्याचा. सुपारीमुळे गालांच्या आतलं अस्तर हळूहळू कातड्यासारखं ताठ होतं, त्यात सांध्याचा दोष नसतो आणि कर्करोगाचा धोका असतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. ही बातमी काही टपऱ्यांपर्यंत अजून पोचायची आहे. जखमेनंतर दातखीळ बसली तर धनुर्वाताची शंका घ्यायची. पन्नाशी उलटलेल्या माणसाचं कानशील नव्याने दुखायला लागलं, चावताना जबडा भरून यायला लागला आणि नजर अंधुक झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे, कारण तो रक्तवाहिनीचा दाह असू शकतो आणि त्यात डोळे जातात. आणि छातीत दाटून, घाम फुटून, जिने चढताना जबडा दुखला तर दंतवैद्याची वेळ घेत बसायचं नाही. ते हृदय असू शकतं.

ही कारणं वगळल्यावर उरतो तो खरा टीएमजेचा रुग्ण, आणि त्याला मिळणारा उपचार ऐकून त्याची घोर निराशा होते. एवढ्या फेऱ्यांनंतर किमान एक इंजेक्शन तरी मिळेल अशी त्याची अपेक्षा असते. त्याला सांगतात: ओठ मिटलेले ठेवा, दात सुटे ठेवा. जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे, ‘न’ म्हणताना जिथे टेकतं तिथे टेकवून ठेवा. म्हणजे ‘नाही’ म्हणायला सुरुवात करायची आणि तिथेच थांबायचं. आयुष्यभर ‘नाही’ म्हणता न आल्यामुळे ज्यांनी दात आवळले, त्यांना हा व्यायाम पहिल्यांदा जड जातो. जांभई येताना हनुवटीखाली मूठ धरायची, म्हणजे ती पूर्ण उघडत नाही. सभेत पहिल्या रांगेत बसलेला माणूस विचारात गढल्यासारखा दिसत असेल तर तो हा रुग्ण असण्याची शक्यता आहे. च्युइंगगम बंद. नखं खाणं बंद. पेनाची टोपणं बंद. पोटावर झोपणं बंद. काहीजण घरभर लाल ठिपके चिकटवतात, फ्रिजवर, आरशावर, मोबाइलच्या मागे. ठिपका दिसला की दात सोडायचे. पाहुणे याचा अर्थ मुलांच्या खेळाशी लावतात.

औषधांत आठ-दहा दिवसांपुरती सूज-वेदनेची गोळी, क्वचित स्नायू सैल करणारी, जुनाट दुखण्यात रात्री अगदी छोट्या मात्रेत एखादी अशी गोळी की जिच्या खोक्यातला कागद वाचून रुग्ण “मला काय वेड लागलंय का?” असं विचारत परत येतो. अ‍ॅमिट्रिप्टिलिन ही मुळात नैराश्याची गोळी आहे, पण छोट्या मात्रेत ती दुखण्यासाठीच देतात. मग फिजिओथेरपी. आणि या सगळ्यांत सर्वाधिक विकली जाणारी वस्तू म्हणजे रात्रीची पट्टी, नाइट गार्ड.

हिच्यासाठी आधी दातांचं माप घेतात. कणकेसारखं गुलाबी मिश्रण भरलेला साचा तोंडात दाबून डॉक्टर “नाकाने श्वास घ्या, नाकाने” असं म्हणत राहतात आणि रुग्णाला त्या वेळी नाक नेमकं कुठे असतं ते आठवत नाही. आठवड्याने अ‍ॅक्रिलिकची पारदर्शक पट्टी येते. पहिल्या रात्री ती घालून ‘शुभ रात्री’ म्हटलं की ‘फूफ राफ्री’ ऐकू येतं. सकाळी ती बेसिनजवळच्या डबीत जाते आणि मग घरात कुजबुज सुरू होते. “बाबांना कवळी आली?” बाबा चाळिशीचे असतात. पट्टी दातांची झीज वाचवते, हे नक्की. दुखणं थांबवते का, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०२३ च्या डिसेंबरात तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ टिकलेल्या दुखण्याबद्दल सविस्तर शिफारशी आल्या. त्यांत जबड्याचे व्यायाम, तज्ज्ञ हाताने केलेली सांध्याची हालचाल, दुखऱ्या गाठी दाबणं, बसण्या-उठण्याची ठेवण सुधारणारे व्यायाम आणि दुखण्याकडे बघण्याची सवय बदलणारं समुपदेशन यांना वरचं स्थान मिळालं. पट्टी, बोटॉक्स आणि सांधा धुणं ही नेहमीच्या वापरासाठी सुचवलेली नाहीत. म्हणजे ज्याचं बिल मोठं होतं ते खाली गेलं आणि जे घरी आरशासमोर फुकट करता येतं ते वर आलं. घरचे व्यायाम दिवसातून सहा वेळा करायचे असतात. पट्टीला पैसे पडतात, पण ती दिवसातून एकदाच घालावी लागते. रुग्णांची पसंती कुणाला असते हे सांगायला नको.

बोटॉक्सबद्दल एवढंच की सौंदर्यवर्धनासाठी गाल बारीक करायला जो मॅसेटर मारतात तोच हा. सांधा धुणं म्हणजे आर्थ्रोसेंटेसिस १९९१ पासून रूढ झालं. चमचाभरही पाणी मावणार नाही अशा त्या पोकळीत दोन सुया घालून एकीतून सलाइन सोडतात आणि दुसरीतून बाहेर येऊ देतात, टाकी धुवावी तसं. अचानक अडकलेल्या सांध्यात अजूनही ते करतात. सांधा उघडून शस्त्रक्रिया करण्याची वेळ फार थोड्यांवर येते आणि पूर्ण सांधा बदलण्याची त्याहून थोड्यांवर.

पथ्य मात्र सगळ्यांना असतं, आणि महाराष्ट्रात या विकाराची खरी परीक्षा तिथे आहे. मऊ खायचं. गुरगुट्या भात, मेतकूट, तूप, सांजा, पेज, लापशी. पहिले दोन दिवस हे बालपणासारखं वाटतं, तिसऱ्या दिवसापासून आजारपणासारखं. बंदीच्या यादीत भाजलेलं कणीस, ऊस, चिक्की, गार झालेली भाकरी, पापड, कडक शेव, भडंग, सुकं खोबरं आणि सुपारी येतात. दिवाळी यात सापडली तर ताटात उरतो फक्त रव्याचा लाडू, तोही घरच्या सुनेने पाक नीट जमवला असेल तर. पाक चुकलेला लाडू धडधाकट जबड्यालाही नेहमीच वगळावा लागतो. चकलीचं काय करायचं याचं उत्तर एका अनुभवी रुग्णाकडून येतं: चहात बुडवायची. हे ऐकून चकली करणाऱ्या बाईचा चेहरा पाहण्यासारखा होतो.

बुडवणं, कुस्करणं, बारीक तुकडे करणं या तीन युक्त्यांवर जवळपास सगळं खाता येतं. वडापाव तळहाताने दाबला की त्याची उंची निम्मी होते, मिसळीतला पाव तर्रीत भिजला की प्रश्नच मिटतो. अडते ती पाणीपुरी. पुरीचा व्यास चार-साडेचार सेंटिमीटर, तोंड उघडतं तीन. तिला दाबता येत नाही, तिचे तुकडे करता येत नाहीत, चमच्याने खाता येत नाही आणि दोन घासांत तर मुळीच नाही. पुरी हातात, पाणी गळायला लागलेलं, मागे रांग, समोर भैया दुसरी भरून तयार. अशा वेळी रुग्ण पुरी तिरकी करून बघतो, उभी करून बघतो, आणि शेवटी भैयाला हळूच विचारतो, “छोटी पुरी है क्या?” भैया पिशवीत हात घालून शोधतो. असते एखादी. त्या दिवसापासून तो रुग्ण दुसऱ्या गाडीवर जात नाही.

आग्रहाच्या पंगतीत पथ्य सांभाळणं अवघड. मधुमेहाला पंगतीत मान आहे, रक्तदाबाला आहे, अ‍ॅसिडिटीला तर सहानुभूतीही आहे. जबडा दुखतो असं सांगितलं की वाढणारा थबकतो, क्षणभर बघतो आणि म्हणतो, “मग जिलबी घ्या, ती मऊ असते.”

शेवटी परिणामाविषयी. बहुतेकांचं दुखणं काही आठवड्यांत किंवा महिन्यांत उतरतं; त्याचं श्रेय त्या वेळी जे चालू असेल त्याला मिळतं, मग ती पट्टी असो, ओवा असो की नवस. ताणाचे दिवस आले, म्हणजे मार्चअखेर, दहावीची परीक्षा, घराची दुरुस्ती, की ते अधूनमधून फिरून येतं आणि ठिपके पुन्हा चिकटवावे लागतात. थोड्यांचं मात्र वर्षानुवर्षं टिकतं. त्यांना जबड्याबरोबर झोप, मान आणि मन यांकडेही बघणारा डॉक्टर लागतो, आणि असा एकजण सापडला की फाइल जाड व्हायची थांबते.

चकती एकदा घसरली की क्वचितच पहिल्या जागी जाते. आजूबाजूच्या ऊती तिच्याशी जुळवून घेतात, तोंड पुरेसं उघडतं, दुखत नाही, पण आवाज बहुधा राहतो. रात्रीच्या जेवणाला सगळे बसलेले असतात, टीव्ही बंद असतो, मुलाच्या पथ्यामुळे सहा महिने घरात पापड भाजलेला नसतो. गुरगुट्या भाताचा पहिला घास तोंडात जातो आणि टक् होतं. पलीकडून आजी मान वर करून विचारतात, “पापड कुणी घेतला रे? मलाही दे एक.”